सायकॉलॉजी केली म्हणजे काउन्सेलर झालो असं नाही

सायकॉलॉजी शिकतेय असं नुसतं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट हमखास करतो. एकतर दचकून म्हणतो, "बाप रे, म्हणजे माझ्या मनात काय चाललंय ते कळत असेल तुला", नाहीतर खुर्ची जवळ ओढतो आणि आपल्या मेव्हण्याची अख्खी केस सांगायला घेतो. मी दोन्ही प्रकार इतक्यांदा झेललेत की मधे काही वर्षं अनोळखी माणसाला सरळ "स्टॅटिस्टिक्स केलंय" असं सांगायचे, आणि खरं सांगू का, ते फार खोटंही नव्हतं.

कारण डिग्रीची पहिली दोन वर्षं आम्ही मुख्यतः आकडेमोडच केली. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, टी-टेस्ट, कंट्रोल ग्रुप का लागतो, प्रश्नावलीतला प्रश्न वाकडा असला की उत्तरं कशी वाकडी येतात वगैरे. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त जण "लोकांना मदत करायचीय" म्हणून आलेले, त्यातल्या कित्येकांनी शाळा संपताना गणिताला कायमचा रामराम ठोकलेला, आणि कोर्सच्या माहितीपत्रकावर काय, तर दोन खुर्च्या, मधे टिश्यूचा डबा आणि मान जराशी तिरकी करून ऐकणारी एक शांत बाई. ती बाई आम्हाला डिग्री संपेपर्यंत कुठे भेटली नाही.

माझं म्हणणं आहे की हा फोटो म्हणजे फसवणूक आहे, बारीक असेल, पण आहे. सायकॉलॉजीची पहिली डिग्री हे माणसांबद्दलच्या दाव्यांवर शंका कशी घ्यायची आणि ते तपासायचे कसे याचं शिक्षण आहे, थेरपिस्ट होण्याचं नाही, आणि ही गोष्ट युनिव्हर्सिट्यांनी फी घ्यायच्या आधी, दारातच, ढळढळीत सांगायला हवी. ती सांगत नाहीत म्हणून एकीकडे मुलं तीन-चार वर्षांनी "आता पुढे काय" म्हणत हबकून उभी राहतात आणि दुसरीकडे त्यातलीच काही हुशारी करून प्रोफाइलवर "काउन्सेलर" लिहून मोकळी होतात. यातलं दुसरं जास्त धोक्याचं, पण त्याचं मूळ पहिल्यातच आहे.

आता कुणी म्हणेल सायकॉलॉजी म्हणजे मनाचे आजार, मग त्यात थेरपी नाही तर काय असणार. तर थोडं मागे जाऊ. या विषयाची पहिली प्रयोगशाळा म्हणून जिचं नाव घेतात ती विल्हेल्म वुंटने १८७९ साली लाइपझिगला काढली आणि तिथे कुणाचं दुःख ऐकत नव्हते, तिथे माणसाला एखादा आवाज ऐकल्यावर बटण दाबायला किती वेळ लागतो असल्या गोष्टी मोजत होते. फ्रॉइड, ज्याच्यामुळे पेशंटने आडवं पडून बोलायचा तो सोफा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय, तो डॉक्टर होता, सायकॉलॉजीची डिग्री घेऊन आलेला नव्हता. पाव्हलॉव्ह, तो कुत्र्यांच्या लाळेच्या प्रयोगांवाला, शरीरक्रियाशास्त्रातला, त्याला १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. लाइटनर विटमरने १८९६ मधे पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत पहिलं सायकॉलॉजिकल क्लिनिक उघडलं तेव्हा तिथे आलेला पहिला मुलगा कसल्या झटक्यांनी वगैरे पछाडलेला नव्हता, त्याला स्पेलिंग येत नव्हतं, शिक्षिकेने आणलं होतं त्याला. आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिसर्च आणि उपचार दोन्ही शिकवायचं हे अमेरिकेत रीतसर ठरलं ते थेट १९४९ च्या बोल्डर कॉन्फरन्समधे, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या हजारो सैनिकांना उपचार हवे होते आणि माणसं पुरत नव्हती म्हणून. म्हणजे थेरपी हा या घराचा नंतर चढवलेला मजला आहे. चांगला मजला आहे, माझं काही म्हणणं नाही, पण त्याचा जिना वेगळा आहे आणि तो पहिली डिग्री संपल्यावर सुरू होतो.

मग या पहिल्या डिग्रीचा उपयोग काय? इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॅनियल काहनेमान, ज्याला पुढे २००२ मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याने १९५४ मधे जेरुसलेमला सायकॉलॉजीत बीए केलं, सोबत गणित होतं, आणि मग तो इस्रायली सैन्यात गेला. वय एकवीस. सगळं सैन्य नवीन, देश नवीन, आणि त्याच्याच सांगण्यानुसार त्या वेळी सैन्यातला सगळ्यात जास्त शिकलेला सायकॉलॉजिस्ट तोच, ते पण नुसत्या बीएवर! त्याला सांगितलं की भरती होणाऱ्या पोरांच्या मुलाखतीची नवी पद्धत बनव. तोपर्यंत काय चालायचं, तर मुलाखत घेणारे पंधरा-वीस मिनिटं इकडचं तिकडचं बोलायचे आणि "हा चांगला सैनिक होईल" किंवा "नाही होणार" असं एकूण मत द्यायचे, आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळपास काही संबंध नसायचा. काहनेमानने काय केलं, सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी साधे वस्तुस्थितीचे प्रश्न काढले, म्हणजे किती नोकऱ्या केल्यास, वेळेवर जायचास का, मित्रांना किती वेळा भेटायचास असे, आणि सांगितलं की एका गुणाला मार्क देऊन झाल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही, एकूण माणूस कसा वाटतो याचा विचार तुम्ही करूच नका. मुलाखत घेणारे भडकले. तुम्ही आमचे यंत्रमानव करताय, असं एकाने तोंडावर सुनावलं. तेव्हा तडजोड म्हणून त्याने म्हटलं, बरं, सगळे मार्क देऊन झाले की शेवटी डोळे मिटा, हा पोरगा सैनिक म्हणून डोळ्यासमोर आणा आणि एक मार्क मनाने द्या. काही महिन्यांनी निकाल आले. नव्या पद्धतीचा अंदाज जुन्यापेक्षा बराच चांगला निघाला, आणि गंमत म्हणजे डोळे मिटून दिलेला मार्कही तितकाच उपयोगी ठरला. म्हणजे अंतर्ज्ञान अगदीच टाकाऊ नव्हतं, फक्त ते शिस्तीने माहिती गोळा केल्यानंतर वापरायचं होतं, आधी नाही.

मला ही गोष्ट आवडते कारण यात मनातलं ओळखणं कुठेच नाही. यात आहे ते "आपलं मत किती बरोबर येतं ते मोजलंय का कुणी?" हा एक साधा, जरासा उद्धट प्रश्न, आणि तो विचारायला एकवीस वर्षांच्या पोराला पुरेल एवढं ट्रेनिंग पहिल्या डिग्रीत मिळतं. आजही जिथे जिथे माणसं निवडतात तिथे बहुतेक ठिकाणी "माणूस बघितला की मला पाच मिनिटांत कळतं" म्हणणारा एकतरी बॉस बसलेला असतो, त्याला ते खरंच कळतं का हे कुणी तपासलेलं नसतं. सायकॉलॉजी केलेल्या मुलाने एचआरमधे जाऊन बायोडेटा चाळत बसणं हे वाया जाणं आहे, पण तिथे जाऊन ही मुलाखतीची पद्धत बदलणं हे वाया जाणं नाही. फरक कामाच्या नावात नाही.

अशी आणखी उदाहरणं हवी असतील तर फोन हातात घ्या. आकड्यांच्या बटणांवर १-२-३ वर असतात आणि कॅल्क्युलेटरवर ७-८-९ वर असतात, कधी विचार केलाय का? फोनची ती मांडणी बेल लॅब्जमधे, म्हणजे अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, वेगवेगळ्या रचना लोकांवर तपासून ठरवली गेली आणि त्या सगळ्या कामाच्या मुळाशी जॉन कार्लिन नावाचा सायकॉलॉजिस्ट होता, १९६३ मधे ते बटणांचे फोन बाजारात आले. किंवा दुसऱ्या महायुद्धातली बी-१७ विमानं घ्या. पायलट सुखरूप उतरवायचे आणि मग जमिनीवर असताना पंखांचे फ्लॅप आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे, विमान पोटावर आपटायचं. रिपोर्टमधे कारण लिहायचे, पायलटची चूक. अल्फॉन्स चापानिस नावाच्या तरुण सायकॉलॉजिस्टने कॉकपिटमधे जाऊन बघितलं तर चाकांचा आणि फ्लॅपचा कंट्रोल शेजारी शेजारी, दिसायलाही सारखे, हाताला लागायलाही सारखे. त्याने एकाच्या टोकाला चाकासारखी रबरी गोळी बसवली आणि दुसऱ्याच्या टोकाला पंखासारखा त्रिकोणी तुकडा. चुका थांबल्या. १९४७ मधे पॉल फिट्स आणि जोन्स यांनी असे ४६० "पायलटच्या चुकां"चे अनुभव गोळा करून मांडले आणि त्यातून जे शास्त्र उभं राहिलं त्याचीच नातवंडं आज यूएक्स रिसर्चर, म्हणजे अ‍ॅप किंवा वेबसाइट वापरताना माणसं कुठे अडतात ते शोधणारे, म्हणून नोकऱ्या करतात. (हो, चापानिस आणि कार्लिन दोघांनी डॉक्टरेट केली होती, बीएवर हे सगळं होतं असं मी म्हणत नाहीये. पण विचार करायची सवय तीच.)

कोर्टाचं क्षेत्र तर वेगळंच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रत्येक सायकॉलॉजीवाल्याला तोंडपाठ असतो: अपघाताची फिल्म दाखवली आणि गाड्यांचा वेग विचारला, प्रश्नात "धडकून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचं क्रियापद होतं त्यांनी सरासरी ताशी ४०.८ मैल सांगितला, नुसतं "टेकल्या" अशा अर्थाचं होतं त्यांनी ३१.८. फिल्म तीच. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फिल्ममधे नव्हतीच, तरी जोरदार क्रियापदवाल्या ५० पैकी १६ जणांना ती "आठवली". आता हे ज्याला माहितीय अशा माणसाने पोलिसात, वकिलीत, पत्रकारितेत जायला हवं की नको? जायला हवं. पण कुठल्याही कॉलेजच्या माहितीपत्रकावर मी अजून पोलीस चौकीचा फोटो बघितलेला नाही.

आता थेरपीकडे येते, कारण खरा वाद तिथे आहे. बाजू घेणारे म्हणतात, गरज प्रचंड आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०१९ मधे जगात सुमारे ९७ कोटी लोकांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता, आठात एक, आणि ट्रेन्ड माणसं मूठभर, मग डिग्री झालेल्या मुलांना थोडंफार काम करू दिलं तर तुमचं काय जातं? हा युक्तिवाद मला मनापासून पटायचा एकेकाळी. आणि याला उत्तर म्हणून "कायद्याने मनाई आहे" एवढंच सांगणं पोकळ आहे, कारण कायदे देशोदेशी वेगळे आणि ठिगळं लावलेले आहेत. ब्रिटनमधे "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" हे नाव राखीव आहे, नोंदणी नसताना लावलं तर गुन्हा, पण नुसतं "सायकॉलॉजिस्ट" किंवा "काउन्सेलर" कुणीही लावू शकतो. जर्मनीत सायकॉलॉजिकल सायकोथेरपिस्टचा कायदा १९९९ ला लागू झाला. अमेरिकेत बहुतेक राज्यांत सायकॉलॉजिस्ट म्हणवायला डॉक्टरेट, हजारो तास देखरेखीखालचं काम आणि वर परीक्षा. तुम्ही जिथे काम करणार तिथला नियम तुम्हीच शोधून वाचायचा, मी सांगून उपयोग नाही.

मला उत्तर सापडलं ते हरारेत. झिम्बाब्वेमधे २००६ च्या सुमारास डिक्सन चिबांडा या सायकियाट्रिस्टने फ्रेंडशिप बेंच नावाचं काम सुरू केलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आणि त्यावर बसून बोलणाऱ्या कोण, तर वस्तीतल्या आज्या. डिग्री नाही, सायकॉलॉजीचा एक पेपर दिलेला नाही. त्यांना एक ठराविक पद्धत शिकवली, समोरच्याची एक अडचण निवडायची आणि ती सोडवायचा मार्ग त्याच्याकडूनच काढायचा, आणि वर सतत सुपरव्हिजन. २०१६ मधे त्याची रीतसर ट्रायल छापून आली, ५७३ लोकांवरची, सहा महिन्यांनी आज्यांच्या बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा अपमानच वाटला, म्हणजे आम्ही इतकी वर्षं घासली आणि आज्या पुढे! पण मग लक्षात आलं की हेच तर उत्तर आहे. आज्यांना डिग्री नव्हती पण पद्धत होती, मर्यादा माहिती होत्या, आणि अडलं तर वर विचारायला माणूस होता. नुसती डिग्री घेऊन एकटीच खोलीत बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीकडे यातलं काहीच नसतं, तिच्याकडे स्टॅटिस्टिक्स असतं, मेमरीचे प्रयोग असतात आणि मदत करायची खूप इच्छा असते. म्हणजे डिग्री ना पुरेशी, ना दर वेळी आवश्यक. देखरेखीखाली केलेला सराव मात्र टाळता येत नाही.

आणि चांगल्या इच्छेने नुकसान होत नाही हा गैरसमज काढून टाका. मोठा अपघात किंवा आपत्ती झाली की लगेच लोकांना बसवून एका सेशनमधे सगळं बोलतं करायचं, मन मोकळं होऊ द्यायचं, ही पद्धत कित्येक वर्षं भरपूर चालली. ऐकायला किती बरोबर वाटते ना? पण सगळ्या ट्रायल एकत्र करून २००२ मधे आढावा घेतला तर नंतरचा त्रास त्याने टळतो असा पुरावा मिळाला नाही, काही अभ्यासांत तर उलट वाढलेला दिसला. ती पद्धत वापरणारे वाईट लोक नव्हते. त्यांनी मोजलं नव्हतं.

इथे कुणीतरी मला पकडणार हे माहितीय: मोजण्याच्या गप्पा तुम्ही मारता, पण तुमच्या विषयाचे स्वतःचेच आकडे काय आहेत? खरंय. २०१५ मधे शेकडो संशोधकांनी मिळून आधी छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले, मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत परिणाम ठळक आला होता, पुन्हा करताना तो ३६ टक्क्यांत आला. शिवाय २०१० मधे हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतंच की आपण ज्याला "माणूस" म्हणतो तो बहुतांशी श्रीमंत पाश्चात्य देशांतला कॉलेजचा विद्यार्थी आहे. लाज वाटण्यासारखं आहे, वाटलीही. पण ही धुलाई बाहेरच्या कुणी येऊन केली नाही, सायकॉलॉजीवाल्यांनीच स्वतःचे कपडे चव्हाट्यावर धुतले, आणि मला विचाराल तर पहिल्या वर्षाच्या पहिल्या लेक्चरला हेच शिकवावं, फ्रॉइड नंतर. ज्या मुलाला हे ऐकून विषयाबद्दल उत्सुकता वाढते त्याने राहावं, ज्याला वाटतं "मग यात राम काय" त्याला निदान वेळेत कळेल.

एक कडू गोष्टही सांगायला हवी, कारण "कुठे कुठे जाता येतं" या यादीत ती कुणी घालत नाही. स्किनर नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने कबुतरांवर दाखवलं की बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी बटण दाबतच राहतो, आणि जुगाराचं मशीन त्याच तत्त्वावर चालतं, आणि फोनवरचं खाली खाली सरकवत राहणं पण त्याच कुळातलं. तिथेही सायकॉलॉजी वाचलेले लोक काम करतात, पगार चांगला असतो. कैद्यांच्या चौकशीत सायकॉलॉजिस्टांनी हात दिल्याचं प्रकरण अमेरिकेत इतकं चिघळलं की २०१५ मधे त्यांच्या संघटनेला आपल्या सदस्यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकश्यांपासून लांब राहा असा ठराव करावा लागला. तेव्हा हे ज्ञान आपोआप दयाळू असतं असं समजून कुणी येऊ नये.

मला काय हवंय ते अगदी किरकोळ आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर, वर, मोठ्या अक्षरात: या डिग्रीने तुम्ही उपचार करायला पात्र होत नाही, त्यासाठी पुढे इतकी वर्षं, इतके तास, असा परवाना. त्याखाली, मागच्या काही बॅचची मुलं खरोखर कुठे गेली याचा हिशोब, किती जण क्लिनिकलला पोचले, किती शिकवतात, किती डेटात गेले, किती भलतीकडे. कॉलेजं हे मोजतच नाहीत, मोजणं शिकवणारा विभाग असून! आणि तिसरं, प्रत्येकाने एक तरी प्रयोग स्वतः डेटा गोळा करून करायचाच, मग तो फसला तरी चालेल, माझा फसला होता, चाळीस जणांपैकी अकरा जणांनी प्रश्नच नीट वाचले नव्हते आणि त्यातून मी प्रश्नावलीबद्दल जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

हे मी एकदा शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं असं लिहिलं तर निम्म्या जागा रिकाम्या राहतील." निम्म्या नाही राहणार मॅडम, थोड्या राहतील, आणि राहू देत की. जी मुलं थेरपीसाठीच येतायत त्यांना पुढचा जिना आधीपासून दिसेल, ती पैशाची आणि वर्षांची तयारी करून येतील. बाकीच्यांना उगाच आपण नापास थेरपिस्ट आहोत असं वाटत आयुष्य काढावं लागणार नाही. आणि माहितीपत्रकाचंच म्हणाल तर त्या शांत बाईच्या जागी बी-१७ मधल्या त्या दोन सारख्या दिसणाऱ्या कंट्रोलचा फोटो छापा. टिश्यूचा डबा ठेवा हवं तर, स्टॅटिस्टिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री लागतोच.